सहापेक्षा आठ मोठे

असोदा, ता. जि. जळगाव
गुरुवार, ५ फेब्रुवारी २०२६

चि. मयुरी हिला नानाचा आशीर्वाद.

फोन हातात असताना नाना पत्र कशाला लिहितात, असं तुला वाटेल. फोनवर मी मुद्द्याला हात घातला की तू म्हणतेस, "असू द्या ना नाना, जेवलात का?" आणि मी मुकाट्याने भाजी कोणती होती ते सांगायला लागतो. जानेवारीपासून हे पाच-सहा वेळा झालं. कागद मध्ये बोलत नाही, म्हणून कागद.

आईचा गुडघा थंडी कमी झाल्यापासून बरा आहे. परसातली वांगी यंदा इतकी लागलीत की ती येईल-जाईल त्याच्या पिशवीत कोंबते. परवा कुरिअरवाला म्हणाला, "काकू, आमच्या घरी कुणी वांगं खात नाही." तर म्हणते, "मंग आता खातीन!" तो बिचारा अडीच किलो वांगी घेऊन गेला.

सोनल मागच्या रविवारी जळगावहून येऊन गेली. तिचे सासरे हिलालआबा ठीक आहेत. तिचा दीर दीपक, त्याचं कॉम्प्युटरचं दुकानही बरं चाललंय म्हणे. त्या दुकानाविषयी पुढे लिहायचंच आहे.

तुझं धुळ्याच्या त्या पतसंस्थेच्या काउंटरवर मन लागतं का? पगार वेळेवर होतो, देवपूरच्या खोलीपासून पायी जाता येतं, सुट्ट्या मिळतात, हे मी पारावर चारचौघांत सांगतो. लोक म्हणतात, बरं झालं, पोरगी मार्गाला लागली. मी मान डोलावतो आणि लवकर घरी येतो.

आता कामाचं. सोमवारी नाशिकहून ज्योत्स्ना मॅडमचा, तुझ्या त्या आर्किटेक्ट बाईंचा, फोन आला. तू त्यांच्या ऑफिसच्या अर्जात माझाही नंबर दिला होतास. म्हणाल्या, "डिसेंबरातलं बंगल्याचं काम मयुरीकडून वेळेत झालं नाही, म्हणून मला ते दुसऱ्याला द्यावं लागलं. पण तिने पाठवलेली पहिली चार चित्रं मी अजून जपून ठेवलीत. आता एका शाळेच्या इमारतीचं काम आलंय, पुढे कायमचंही होईल. तिला विचारलं तर म्हणते, माझ्याकडे साधन नाही, आणि साधन निवडण्यात माझीच चूक झाली. तुम्ही वडील आहात, जरा समजावा. मी मंगळवारपर्यंत थांबते."

मी "हो हो, सांगतो" म्हणालो आणि फोन ठेवला. मग ओट्यावर येऊन बसलो.

मयुरी, साधन निवडण्यात तुझी चूक झाली नव्हती.

दिवाळीत तू याच ओट्यावर मला सगळं समजावलं होतंस. लॅपटॉप चांगला आहे, पण त्याच्या आतलं ग्राफिक्स लेचंपेचं, घराचं चित्र फिरवून दाखवायचं म्हटलं की दम टाकतो. नवा मोठा कॉम्प्युटर ऐपतीबाहेर. म्हणून खालचं झाकण उघडून आतल्या एका खाचेला चपटी केबल जोडायची, ती बाहेर काढून एका छोट्या बोर्डावर डेस्कटॉपचं ग्राफिक्स कार्ड उभं करायचं, आणि त्या बोर्डाला एक छोटा वेगळा पॉवर सप्लाय द्यायचा. मी म्हणालो, "म्हणजे लुनाला बाहेरून ट्रॅक्टरचं इंजिन बांधायचं." तू टाळी दिलीस आणि म्हणालीस, "तेच! पण ट्रॅक्टरचं नको नाना. केबलचा रस्ता अरुंद आहे. फार मोठं इंजिन बांधलं तर निम्मा जोर रस्त्यातच अडकतो. बेताचंच घ्यायचं, पण नेमकं घ्यायचं."

दोन महिने तू त्यासाठी एक वही भरत होतीस. कुठलं कार्ड किती वीज खातं, कुठलं तुझ्या सॉफ्टवेअरला चालतं, कुठलं वीस हजारांच्या आत बसतं. तेव्हा मी तुझ्या आईला म्हणालोही होतो, पोरगी माझ्यावर गेली. एकतीस वर्षं मी एस.टी. डेपोच्या स्टोअरमध्ये काढली. क्लच प्लेटच्या नंबरात एक आकडा इकडचा तिकडे दिसला तरी मी माल परत पाठवायचो. साहेब म्हणायचे, "नथ्थूभाऊ, गाडी उभी आहे, चालवून घ्या." मी म्हणायचो, "उभी राहू द्या साहेब, चुकीच्या मालावर धावायला नको." हे मी तुम्हा दोघी बहिणींना इतक्या वेळा ऐकवलंय की सोनल माझी नक्कल करून दाखवायची.

म्हणूनच तू कार्ड आणायला सांगितलंस तेव्हा मी तोरा दाखवला. मोबाईलवरचं मला चालत नाही, रीतसर इंडेंट दे, लेखी मागणीपत्र, म्हणालो. तू हसत हसत वहीचं पान फाडून त्यावर रकाने पाडलेस. मालाचं नाव, नंबर, नग एक, मागणी करणाऱ्याची सही. खाली तीन अटी लिहिल्यास. सहा जीबी. पॉवरची वेगळी वायर न लागणारं. कंपनी हीच, दुसरी नाही. शेवटच्या अटीखाली तू दोन रेघा ओढल्या होत्यास.

डिसेंबरात मी ते पान घेऊन दीपकच्या दुकानात गेलो आणि दुसरंच कार्ड घेऊन आलो. आठ जीबीचं, दुसऱ्या कंपनीचं, वरून पॉवरच्या दोन वायरी मागणारं. धुळ्याच्या गाडीने तुला पाठवलं. तू फोन केलास, "नाना, हे वेगळंच आलंय." मी म्हणालो, "तू जे लिहिलं तेच आणलं." तू विचारलंस, "चिठ्ठी आहे का?" मी म्हणालो, "दुकानात राहिली असेल."

ती चिठ्ठी माझ्या चष्म्याच्या डबीत होती. या पत्रासोबत पाठवतोय. वाच. एक अक्षर चुकलेलं नाही.

तू तरी अकरा दिवस त्याच्याशी झटत राहिलीस. एका मैत्रिणीचा मोठा पॉवर सप्लाय आणून बघितलास. चित्र यायचं आणि लॅपटॉप बंद पडायचा. कसंबसं चालू राहिलं तर तुझं सॉफ्टवेअर त्या कार्डाला ओळख द्यायचं नाही. "परत करता येईल का?" विचारलंस. खोकं फोडलं की घेत नाहीत, असं मी सांगितलं. मी दुकानात विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर दीपकने चिठ्ठी बघायला मागितली असती. तोवर नाशिकचं काम गेलं.

आणि मग ते भरीत.

अकरा जानेवारीला तुझ्या सुकलालकाकाच्या मळ्यात आपण सगळे जमलो होतो. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजत होती, पोरं पतंगाच्या मांज्यावरून भांडत होती, हिलालआबा बाजेवर मानाने बसलेले. कुणीतरी तुझ्या कामाचं विचारलं. सुकलाल म्हणाला, "काय ते लॅपटॉपला शेपूट लावणार होती, लावलं का?" सगळे हसले. तू पुऱ्या वाढत होतीस. तू म्हणालीस, "नाही काका, चूक माझीच झाली. घाईत नंबर चुकीचा लिहिला."

मला तिथे बोलायचं होतं, देवाशपथ. तोंड उघडलंही. त्यातून निघालं काय? "एकतीस वर्षं पार्टनंबर बघितले मी. लिहिलं तेच आणलं. कार्बन कॉपी ठेवावी, हे हिला लहानपणापासून सांगतोय."

एकोणीस माणसं होती. मी मोजली, कारण मोजायची सवय आहे. सगळ्यांनी माना हलवल्या. दीपक ताट घेऊन विहिरीकडे निघून गेला. मला वाटलं, त्याला मिरची लागली. तू मला आणखी एक पुरी वाढलीस. ती मी खाल्ली.

लाज वाटते गं. तुझी आई त्या दिवसापासून माझ्याशी मोजकंच बोलते. तिला मी काही सांगितलं नव्हतं, पण बायकोला सांगावं लागत नाही. काल पाणी देताना म्हणाली, "तिले आतातरी खरं सांगा. कायले तोंड लपवू राह्यले?"

म्हणून हे लिहिलं. दीपकने मला भलतंच कार्ड गळ्यात मारलं, आणि सोनल त्या घरात नांदते म्हणून मला बोलता आलं नाही. व्याह्यांशी वाकडं कोण घेणार? एवढीच माझी चूक. उद्या जळगावला जाऊन त्याला जाब विचारतो, मग पत्र पुरं करतो.

शनिवार, ७ फेब्रुवारी

मयुरी, वर शेवटी दीपकविषयी लिहिलंय ते वाचलंस ना? ते खोटं आहे. खोडावंसं वाटलं होतं. पण स्टोअरच्या वहीत खाडाखोड चालत नव्हती, चूक तशीच ठेवून खाली लाल शाईने खरं लिहायचं असा नियम होता. लाल पेन घरात नाही, निळ्यानेच लिहितो.

दीपकने काहीच गळ्यात मारलं नव्हतं. त्या दिवशी त्याने चिठ्ठी नीट वाचली आणि म्हणाला, "नाना, हे माझ्याकडे आत्ता नाही. आठ दिवसांत मागवून देतो. दुसरं एक आहे, पण ते मयुरीच्या कामाचं नाही, त्याला पॉवरही जास्त लागते." एवढं स्पष्ट बोलला पोरगा. मी "मागव" म्हणणारच होतो.

पण हिलालआबा आत बसले होते. मुलाचं नवं दुकान, गादीवर लोड लावून. त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला, शेजारच्या दुकानदाराला बोलावून "हे आमचे व्याही" म्हणून ओळख करून दिली. तुला आठवतं ना, सोनलच्या लग्नात मानपानावरून ते दोन तास जेवले नव्हते? त्या दिवसापासून ते हसून बोलले की मी विरघळतो. ते म्हणाले, "अहो नाना, सहापेक्षा आठ मोठे की नाही? जास्त मिळतंय तर घ्या की! पोरीच्या चिठ्ठीचं काय घेऊन बसलात?"

आणि मी हसलो.

नुसता हसलो नाही. म्हणालो, "खरंय आबा. मोबाईलवर बघून काहीतरी खरडलंय तिने. पोरींना यातलं काय कळतं?" ज्या पानावर तू रेघा ओढल्या होत्यास, ते मी त्यांच्यासमोर घडी घालून डबीत टाकलं. दीपक म्हणाला, "एकदा तिला फोन तरी करा." मी म्हणालो, "दे रे बाबा, तुझे वडील सांगताहेत ना." शेजारचा दुकानदारही हसला. चहा फार गोड होता.

सोनलच्या संसारासाठी मी गप्प बसलो, असं दोन महिने स्वतःला सांगत होतो. सोनलच्या संसाराला काय झालं असतं? काही नाही. आठ दिवसांनी बरोबर कार्ड आलं असतं, एवढंच. मला त्या गादीवरच्या माणसाने मोठं म्हणावं असं वाटत होतं. साठी उलटली तरी हे जात नाही बघ.

काल हे सगळं कबूल करायचं ठरवूनच दुकानात गेलो. गाडीत तीनदा घोकलं. आबा होतेच. मी काउंटरवर चिठ्ठी ठेवली आणि म्हणालो, "आबा, माझ्या पोरीने बरोबर लिहिलं होतं. चुकीचं मी नेलं, तुमच्यासमोर मोठेपणा मिरवायला. आणि भरताच्या दिवशी एकोणीस माणसांत तिच्यावर ढकललं." आबा म्हणाले, "एवढ्या बारीक गोष्टीसाठी मुद्दाम आलात?" मी म्हणालो, "ती बारीक नाही. तिचं काम गेलं त्यात." माझा आवाज चढला. व्याह्यांसमोर आवाज चढवायची ही माझी पहिली वेळ. आबांनी लोड बाजूला सारला. मग म्हणाले, "मी तेव्हा गमतीत म्हटलं होतं, नाना. तुम्ही नाही म्हणाला असतात तर मला राग आला नसता." ते खरं असेल. त्याने तर आणखीच मेल्यासारखं झालं.

मी उठलो. दीपक मला सोडायला रस्त्यापर्यंत आला. तिथे जे म्हणाला, ते जसंच्या तसं लिहितो.

म्हणाला, "नाना, मयुरीला हे सगळं माहीत आहे."

तू त्याला नाताळच्या सुमारास फोन केला होतास, कार्ड बदलून मिळेल का विचारायला. तो म्हणाला, लगेच देतो, मी तर नानांना तेव्हाच सांगितलं होतं की हे तुझ्या कामाचं नाही. चिठ्ठीतला नंबरही त्याने तुला वाचल्यासारखा सांगितला. मग म्हणालीस, "दीपकभाऊ, बदलू नका. बदललं तर आबांना कळेल, नाना खोटं बोलले ते. आणि मला कळलंय हे नानांना कधी सांगू नका." त्याने शब्द दिला होता. भरताच्या दिवशी तू "चूक माझीच" म्हणालीस तेव्हा त्याला तिथे बसवेना, म्हणून तो उठला होता.

मी रस्त्यात उभा राहिलो. रिक्षावाले विचारत होते, काका, कुठे जायचं.

म्हणजे मी "लिहिलं तेच आणलं" म्हणत होतो, तेव्हा तुला माहीत होतं. कार्बन कॉपीचं ऐकवत होतो, तेव्हाही. आणि तू पुरी वाढलीस. ज्योत्स्ना मॅडमला नाही म्हणालीस तेही माझ्यासाठीच ना? नवं कार्ड घेतलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, पहिल्याचं काय झालं? बाप उघडा पडू नये म्हणून काउंटरवर जाऊन बसलीस.

अगं, इतकं कुणी करतं का? चिडायचं होतंस. फोनवर शिव्या घालायच्या होत्यास. तुझी आई म्हणते, "तुमच्यावर गेली म्हणता ना? तुमच्यावर गेली असती तं चारचौघांत दुसऱ्यावर ढकललं असतं." बरोबर बोलली.

घरी येऊन मी कामाला लागलो. भरताला आलेल्या माणसांना एकेकाला गाठून सांगतोय. सुकलालला मळ्यात जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे ना नाना, कोण लक्षात ठेवतं." मी म्हणालो, "तुला शेपटाची गंमत लक्षात आहे ना? मग हेही ठेव." त्याची सून आतून बाहेर आली आणि म्हणाली, "मयुरीताईला सांगा, तिने आमच्या घराचं काढलेलं चित्र अजून भिंतीवर आहे." आज संध्याकाळपर्यंत अकरा जणांना सांगून झालं. सोनलला फोनवर सांगितलं, ती रडली आणि मग माझ्यावर ओरडली. बरं वाटलं. उरलेल्यांत दोघं भुसावळला असतात, त्यांना उद्या गाठतो.

ज्योत्स्ना मॅडमलाही सकाळी फोन केला. परकी बाई, तरी सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मंगळवारपर्यंत मी थांबतेच आहे. फोन मात्र तिचा यायला हवा, तुमचा नको." तेही बरोबरच आहे.

कार्ड मी मागवलेलं नाही. दीपक आजही बदलून द्यायला तयार आहे, त्याच कार्डाच्या बदल्यात. पण कोणतं, ते तू ठरव. दोन महिन्यांत नवं काही आलं असेल, तुझं मत बदललं असेल. तुझं तू त्याच्याशी बोल. मी मध्ये नको.

हे पत्र उद्या पहाटेच्या धुळे गाडीवर भटूच्या हाती देतोय. माझ्या वेळचा कंडक्टर तो, अजून दोन वर्षं राहिलीत त्याची. आज त्याला सांगायला गेलो, तर हातातलं पाकीट बघून म्हणाला, "नाना, यामा काय शे? एवढं जड?" मी म्हणालो, "कागदच शे रे." तो खोलीवर आणून देईल. त्याच्यासमोर उघडू नकोस, तो फार चौकस आहे.

गुरुवारी लिहायला बसलो तेव्हा वाटलं होतं, तुला काहीतरी सांगायचंय. आता कळतंय, यातलं तुला सांगण्यासारखं काहीच नव्हतं, तुला सगळं माझ्याआधी माहीत होतं. नवं इतकंच आहे की तुला माहीत आहे, हे आता मलाही माहीत आहे. त्यामुळे माझ्यासाठी गप्प बसायचं काही कारण उरलेलं नाही. भांडायचं असेल तर भांड. बोलायचं नसेल तरी चालेल, माझ्याशी नको बोलूस. पण मंगळवारच्या आत नाशिकला फोन कर.

जेवलात का, हे मात्र या वेळी विचारू नकोस. सांगता येणार नाही.

तू दीड महिना ज्याला झाकून ठेवलंस,
तो तुझा नाना